लिफ्टमध्ये गेलेली उशी

मी उशी बोलतेय. डोक्याखालची नव्हे, मांडीवरची. डोक्याखालच्या उशीला जन्मभर माणसांचं घोरणं ऐकावं लागतं. माझ्या वाट्याला जागी माणसं आली, आणि तीही बोलकी. म्हणजे आधी अजिबात तोंड न उघडणारी आणि एकदा उघडलं की घड्याळाकडे न बघणारी.

माझा जन्म पडदे शिवणाऱ्या एका बाईंच्या दुकानात झाला. कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीसाठी गडद पिवळे, जाडजूड पडदे शिवून झाले आणि हातभर कापड उरलं. टाकायचं कशाला, म्हणून त्यांनी त्याची खोळ शिवली. आत कापूस भरला, कापूस पुरेना म्हणून चिंध्या कोंबल्या. शेवटची शिवण चालू असताना फोन वाजला. एक हात फोनवर, एक हात कापडावर, त्यामुळे माझी एक बाजू आजही तिरकी आहे. "राहू दे, बसल्यावर कुणाला दिसतंय," असं म्हणून त्यांनी दोरा तोडला. माझ्याबद्दल कुणी काढलेले ते पहिले उद्गार.

तिथून मी एका दातांच्या डॉक्टरांकडे गेले. बाहेरच्या बाकावर पाच वर्षं काढली. आतून यंत्राची घरघर आली की बाहेरचा माणूस मला असा काही आवळायचा, की जणू दात माझाच उपटायचाय. मग डॉक्टरांनी दवाखाना नवा केला. सगळं पांढरं शुभ्र. त्यात माझा पिवळेपणा सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायला लागला आणि मी अडगळीच्या कपाटावर जाऊन पडले.

डॉक्टरांची धाकटी बहीण मानसोपचार करते. म्हणजे औषधं देत नाही; माणसांशी बोलते आणि त्यांना बोलू देते. ती एकदा दात भरून घ्यायला आली होती. अर्धं तोंड बधिर असताना तिची नजर कपाटावर गेली आणि तिनं मला मागितलं. काय म्हणाली ते भावाला धड कळलंही नाही. त्यानं नुसती मान हलवली आणि तिनं मला काखोटीला मारलं. तेव्हापासून मी बाईंची.

बाईंची खोली एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. दोन खुर्च्या, अगदी समोरासमोर नाहीत, जराशा तिरक्या. एक खिडकी, पाण्याची बाटली, दोन पेले, नाक पुसायच्या कागदांचा डबा, भिंतीवर गोल घड्याळ. येणारे बरेचजण आधी झोपायचा कोच शोधतात. बाई म्हणतात, "झोप घरी काढा, इथे बसू या." मग ती माणसं खुर्चीत बसतात आणि त्यांच्या हाताला काहीतरी लागतं. ते काहीतरी म्हणजे मी.

सात वर्षांत मला एक गोष्ट कळली. माणसाचं तोंड एक बोलतं आणि हात दुसरंच सांगतात. कुणी मला पोटाशी भिंतीसारखं धरतो. कुणी माझी तिरकी बाजू सरळ करत बसतो, तासभर, ती होत नाही तरी. एकजण तर मला मांडीवर थोपटत असत, बाळाला थोपटावं तशी, आणि त्यांचं त्यांना माहीतही नसे. त्यांची हकिकत मी सांगणार नाही. या खोलीतलं बोलणं खोलीबाहेर जात नाही, हा बाईंचा नियम आणि मीही तो पाळते.

मिस्त्रींची गोष्ट वेगळी. ते स्वतःच आता ती भेटेल त्याला सांगत असतात. जाताना दारात थांबून म्हणाले होते, "मॅडम, कुणाला उपयोग होणार असेल तर माझं खुशाल सांगा." बाईंनी अजून कुणाला सांगितलेलं नाही. म्हटलं, आपण सांगावं.

मंगळवारी सकाळी अकराची वेळ होती. आधी जिन्यावरून धापा ऐकू आल्या आणि मागून माणूस आला. वय चोपन्न. राखाडी युनिफॉर्म, खिशात टेस्टर, कपाळावर घाम. खुर्चीत बसले ते दोन्ही गुडघे चोळतच. लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करायचे, सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचे, त्यामुळे बाईंनीही तेच सुरू ठेवलं.

"आमची लिफ्ट बंद आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही, उत्तम चालू आहे."

"मग जिन्यानं आलात?"

"व्यायाम."

बाईंना गप्प बसणं फार चांगलं येतं. थोड्या वेळानं मिस्त्रीच म्हणाले, "हे बघा मॅडम, मला काही झालेलं नाही. झालंय असं आमच्या घरातल्यांना वाटतं. बायको ऐकेना, म्हणून आलो."

"बरं. मग तिला काय वाटतं, तेच सांगा."

ही युक्ती मी पूर्वीही पाहिली होती. मिस्त्रींनी मला मांडीवर ओढलं आणि बायकोला काय वाटतं ते सांगायला लागले. वीस मिनिटं सांगत होते.

बायकोला वाटत होतं की एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस सात महिन्यांत एकदाही लिफ्टमध्ये चढलेला नाही. काम बाराव्या मजल्यावर असलं तरी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून जिन्यानं जातो. गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत बसून काम करतो आणि लिफ्ट फिरवून बघायची वेळ आली की कामावरच्या जोडीदाराला म्हणतो, "तू बस आत, मी वरून आवाज ऐकतो." कंपनीतल्या लोकांना वाटलं, मिस्त्रींनी तब्येत मनावर घेतली. जोडीदारानं तर वाढदिवसाला धावायचे बूट आणून दिले. इकडे गुडघे सुजून टम्म झाले होते.

त्यातून लेकीनं अकराव्या मजल्यावर घर घेतलं.

"एकदा चढून गेलो," मिस्त्री म्हणाले. "पोचलो तर शब्द फुटेना. जावयानं पाणी दिलं. ते प्यायलो आणि लगेच उतरायला लागलो. उतरायलाही वेळ लागतो ना."

त्यानंतर ते इमारतीपर्यंत जायचे, पण वर जायचे नाहीत. ऑफिसचा फोन यायचाय असं सांगून खालच्या बाकावर बसायचे आणि बायको एकटी वर जायची. तिसऱ्या वेळी ती मधेच खाली आली, तर हे लिफ्टच्या दाराकडे बघत बसलेले. अनोळखी कुत्र्याकडे बघावं तसे.

"सात महिन्यांपूर्वी काय झालं होतं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही."

तोंड 'काही नाही' म्हणत होतं आणि दहाच्या दहा बोटं माझ्यात रुतली होती.

ते 'काही नाही' बाहेर यायला आणखी दोन मंगळवार लागले. बाईंनी घाई केली नाही. त्यांनी लिफ्टच्या कामाबद्दल विचारलं, हाताखाली ज्यांच्या शिकले त्या उस्तादांबद्दल विचारलं. मिस्त्री खुलले. उस्ताद भारी माणूस. त्यांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, "गिऱ्हाईक यंत्राकडे बघत नाही, मिस्त्रीच्या तोंडाकडे बघतं. तुझं तोंड घाबरलं की खेळ संपला." हे सांगताना मिस्त्रींचा आवाज अभिमानानं भरला आणि तिथेच अडकला. मग त्यांनी सांगितलं.

नऊ मजली इमारत. लिफ्टची दुरुस्ती संपवून शेवटची फेरी मारायला ते आत शिरले. तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन एक आजी आल्या. "फिरते का आता?" "चला आजी, सोडतो तुम्हाला." पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधे लिफ्ट थांबली. दिवा गेला. मिस्त्रींचा फोन वर यंत्राच्या खोलीत, पिशवीत. घंटा वाजवली, कुणी आलं नाही.

"मॅडम, आजपर्यंत शेकडो लोकांना मी बाहेर काढलंय. दाराबाहेरून सांगायचो, घाबरू नका, आत हवा येते. त्या दिवशी आत हवा येत नव्हती."

"येत नव्हती?"

"येत होती." त्यांनी मला छातीशी धरलं. "मला माहीत होतं, येतेय. पण येत नव्हती."

छाती आवळली, हातापायाला मुंग्या आल्या. आपण आता मरतो असं वाटलं. मिस्त्री लिफ्टच्या फरशीवर खाली बसले आणि रडायला लागले. युनिफॉर्म घातलेला, एकतीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस एका म्हाताऱ्या बाईसमोर हमसून हमसून रडला. आजींनी त्यांचा हात धरून ठेवला होता. पन्नास मिनिटांनी जोडीदारानं दार उघडलं. मिस्त्री बाहेर आले ते थेट गच्चीवर गेले आणि तोंड पुसून खाली उतरले. जिन्यानं. कुणाला चकार शब्द बोलले नाहीत.

सांगून झाल्यावर त्यांनी एकदम मला बाजूला ठेवलं, जणू मीच चुगली केली होती. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

"तुमच्या लिफ्टमध्ये जास्त वजन झालं की घंटा वाजते ना?" त्या म्हणाल्या.

"वाजते."

"आत चारच माणसं आहेत आणि घंटा थांबत नाही. मग?"

"सेन्सर बिघडला."

"त्या घंटेला घाबरून लोकांनी लिफ्टच सोडली, तर सेन्सर दुरुस्त होईल?"

"नाही. माहीत असलेलं वजन थोडं थोडं आत ठेवून तो पुन्हा बसवावा लागतो."

"आपल्याला तेच करायचंय. तुमच्या शरीरातली धोक्याची घंटा खोटी नाहीये, फक्त नको तिथे वाजायला लागलीय. तुम्ही जितक्या वेळा जिन्यानं पळालात, तितक्या वेळा तिला वाटलं, बघा, मी म्हणत होते ना."

त्या दिवशी दोघांनी मिळून एक यादी केली. सगळ्यात सोपं खाली, सगळ्यात अवघड वर. बंद लिफ्टसमोर पाच मिनिटं उभं राहायचं. मग दार उघडं ठेवून आत. मग बाईंबरोबर एक मजला. मग एकट्यानं. अगदी वरच्या पायरीवर मिस्त्रींनी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'मधेच थांबवलेल्या लिफ्टमध्ये दहा मिनिटं.' लिहून झाल्यावर कागदाकडे बघत म्हणाले, "म्हणजे हाही जिनाच की." आणि पहिल्यांदा हसले.

पुढच्या आठवड्यात ते वही घेऊन आले. रोज लिफ्टसमोर उभं राहायचं आणि भीतीला दहापैकी किती ते लिहायचं, असं ठरलं होतं. वहीत आठ, सात, सहा, पाच, चार असे आकडे होते. रोज बरोबर एक कमी.

बाईंनी वही मिटली. "मिस्त्री, जागेवर न जाता भरलेली दुरुस्तीची डायरी तुम्हाला ओळखू येते?"

"लगेच येते."

"मलाही."

मिस्त्रींचे कान लाल झाले. खरं तर ते एकदाच गेले होते, आणि लिफ्टचं दार उघडल्याबरोबर रस्त्यावर जाऊन थांबले होते. बाई रागावल्या नाहीत. "खरा नऊ मला खोट्या चारापेक्षा जास्त उपयोगी आहे," एवढंच म्हणाल्या. तरी मिस्त्रींच्या ते जिव्हारी लागलं असावं. त्यानंतरच्या मंगळवारी ते आलेच नाहीत. त्याच्या पुढच्याही.

दोन्ही वेळा बाई अकरा वाजता आपल्या खुर्चीत बसल्या. मला दोनदा झटकून नीट ठेवलं. मला उगाच वाटलं, मी जरा मऊ असते तर बरं झालं असतं. चिंध्यांमुळे मी मधेमधे टोचते.

तिसऱ्या मंगळवारी जिन्यावर पुन्हा धापा ऐकू आल्या.

"माझी लेक रडली," मिस्त्री उभ्या उभ्याच म्हणाले. "आईला फोनवर म्हणाली, बाबांना माझं लग्न पसंत नाही म्हणून ते घरी येत नाहीत. जावई बिचारा विचारतो, माझं काय चुकलं. आणि तिला सहावा महिना लागलाय, मॅडम."

"तुम्ही तिला खरं सांगितलंत?"

"काय सांगू? तुझा बाप लिफ्टचा मिस्त्री आहे आणि लिफ्टला घाबरतो?"

"वाक्य चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "असंच सांगा."

त्यांनी तसंच सांगितलं. पुढच्या मंगळवारी येऊन मिस्त्रींनी ती भेट आम्हाला इत्थंभूत ऐकवली. लेकीला त्यांनी खालच्या बाकावर बोलावलं. ती पोटावर हात ठेवून हळूहळू शेजारी बसली. मिस्त्रींनी ते वाक्य पाठ केलं होतं. घोकल्यासारखं म्हणून टाकलं. लेक आधी हसली, मग रडली, मग चिडली.

"चार महिने मी नवऱ्याला सांगतेय की बाबा तसे नाहीत," ती म्हणाली. "आणि तुम्ही इथे खाली बसून राहिलात. एवढंच होतं तर सांगायचंत ना, बाबा."

"मला ते एवढंच वाटत नव्हतं."

ती त्यांच्या दंडाला धरून बसून राहिली. त्यानंतर दर रविवारी ती थर्मासमधून चहा घेऊन खाली यायची. जावईही यायचा. बाईंनी हे ऐकून मान डोलावली आणि म्हणाल्या, "चहा चालू द्या. फक्त बाकावर बिऱ्हाड नको."

आता मिस्त्री वहीत खरे आकडे आणू लागले. नऊ, नऊ, सात, पुन्हा नऊ, सहा. वेडेवाकडे आकडे. बाईंना ते फार आवडायचे.

एकदा बाईंनी विचारलं, "त्या आजी नंतर भेटल्या?"

"त्यांना कुठल्या तोंडानं भेटू? काय वाटलं असेल त्यांना माझ्याबद्दल."

"काय वाटलं असेल?"

"हा कसला मिस्त्री."

"हे त्यांनी सांगितलं की तुम्ही ठरवलंत?"

त्याचं उत्तर शोधायला मिस्त्री त्यांच्याकडेच गेले. आजी सहाव्या मजल्यावर राहायच्या, म्हणजे सहा जिने. आजींनी दार उघडलं, ओळखलं आणि आत बसवलं. पुढचं मिस्त्रींनी आम्हाला सांगितलं तेव्हा त्यांना अधूनमधून हसू आवरत नव्हतं.

"त्या म्हणाल्या, तुम्ही होतात म्हणून मी तरले. मी म्हटलं, आजी, मी तर रडत होतो. तर म्हणतात, हो, रडत रडत तुम्ही मला दोर सांगत होतात. लिफ्टला सहा दोर असतात, एक तुटला तरी पाच, चार तुटले तरी दोन, आणि सगळे तुटले तरी खालचे ब्रेक पकडतात. तेच तेच दहा वेळा सांगत होतात. मला ऐकू कमी येतं. रडणं फारसं ऐकू आलं नाही, दोर तेवढे आले."

"आणि आता त्या लिफ्टनं जातात?"

"रोज जातात. त्याच लिफ्टनं. कुणी नको म्हणालं की त्याला सहा दोर मोजून दाखवतात."

बाई म्हणाल्या, "उस्तादांचं ते वाक्य पुन्हा एकदा सांगा बरं."

ते वाक्य न म्हणता मिस्त्री सावकाश म्हणाले, "उस्तादांनी मला दाराबाहेरून कसं बोलायचं ते शिकवलं. आत अडकल्यावर काय करायचं, ते त्यांनी कधी सांगितलंच नाही. कदाचित त्यांनाही माहीत नसेल." त्यांचे डोळे भरून आले आणि या खेपेला त्यांनी ते लपवले नाहीत. मी थोडी ओली झाले. तशी मला सवय आहे.

त्याच तासाला ते उठले आणि म्हणाले, "चला मॅडम, एक मजला जाऊ." बोलता बोलता मला खाली ठेवायचं विसरले. दारात बाईंच्या लक्षात आलं. "उशी?"

"असू दे."

आणि मी आयुष्यात पहिल्यांदा लिफ्टमध्ये गेले.

दार मिटलं तसे त्यांचे हात असे आवळले की माझी तिरकी शिवण टराटरा उसवली. "किती?" बाईंनी विचारलं. "नऊ." "नऊ तर नऊ. ते घालवू नका. नुसते उभे राहा." आम्ही खाली गेलो, वर आलो, पुन्हा खाली. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं, तर समोर कुत्रा घेऊन एक गृहस्थ. आत घामेजलेला मिस्त्री, पोटाशी पिवळी उशी, बाजूला हातात वही घेतलेल्या बाई. गृहस्थ थबकले.

"तपासणी चालू आहे," मिस्त्री गंभीरपणे म्हणाले.

"उशीची?" गृहस्थांनी विचारलं आणि कुत्र्याला घेऊन जिन्यानं निघून गेले.

दार मिटलं आणि मिस्त्रींना हसू फुटलं. बाईंनाही. पाचव्या फेरीला आकडा सातवर आला, सातव्या फेरीला पाचवर. खोलीत परत आलो तेव्हा मिस्त्रींचा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता आणि माझ्या कोपऱ्यातून एक चिंधी लोंबत होती. बाईंनी तो कोपरा दुपारी निळ्या दोऱ्यानं टाचला. पिवळा दोरा सापडला नाही.

मला वाटलं, आता मी त्यांच्याबरोबर रोज जाणार. मनात मांडे खात होते म्हणा ना. पण पुढच्या वेळी बाई म्हणाल्या, "आज उशी इथे राहू दे."

"का? तिच्यामुळेच तर जमलं," मिस्त्री म्हणाले.

"तेच नकोय. उशी नसली की काय कराल? जमवलंत ते तुम्ही. तिनं फक्त मार खाल्ला."

खरं सांगते, मला लागलं ते. ज्याच्यासाठी शिवण उसवून घेतली, त्यानं मला खुर्चीत ठेवलं आणि दार ओढून घेतलं. मी एकटीच. बाहेर लिफ्टची टिंग वाजली. मग शांत. बराच वेळ शांत. पुन्हा टिंग. मी त्या टिंग मोजत पडले होते. नववी टिंग झाली आणि मिस्त्री आत आले. धाप लागली नव्हती. "चार," ते म्हणाले, आणि खुर्चीत बसताना मला उचलून शेजारच्या स्टुलावर ठेवलं. मांडीवर घेतलं नाही. मला काहीतरी कळलं तेव्हा. माझ्यासारखीचं काम नीट झालं की हात रिकामे राहतात.

यादीतली शेवटची पायरी जोडीदाराशिवाय होणार नव्हती, कारण लिफ्ट वरून थांबवायला माणूस लागतो. म्हणून त्यालाही खरं सांगावं लागलं. तो आधी ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "हे आधी सांगायचंत ना. मी उगाच बूट घेतले." मग त्यानं गच्चीवर जाऊन लिफ्ट मधेच थांबवली. मिस्त्री आत दहा मिनिटं उभे राहिले. भीती आठवर गेली. त्यांनी तिला हाकललं नाही, तिच्याशी भांडलेही नाहीत. सहाव्या मिनिटाला ती कंटाळल्यासारखी खाली यायला लागली. दहा मिनिटं झाली आणि जोडीदारानं लिफ्ट सोडली. मिस्त्रींनी आतूनच फोन केला, "अजून पाच मिनिटं थांबव."

त्यांची शेवटची भेट दोन महिन्यांनी झाली. लेकीला मुलगी झाली होती.

दवाखान्यातून घरी नेताना लिफ्टमध्ये सगळे होते. लेक, जावई, बायको आणि मिस्त्रींच्या हातात नात. सातव्या मजल्याशी लिफ्टनं हिसका दिला आणि थांबली. बायकोनं यांच्याकडे बघितलं. लेकीनं बघितलं. जावयानंही.

"मग?" बाई पुढे झुकल्या.

"काळीज धडधडायला लागलं. तोंडही घाबरलं असणार, सगळे त्याच्याकडेच बघत होते. मी म्हटलं, मला भीती वाटतेय. पण लिफ्टला काही झालेलं नाही. दाराचा स्विच सरकला असेल, मिनिटभरात चालेल. तर जावई म्हणतो, बाबा, मलाही भीती वाटतेय, मी बोलत नव्हतो. मग बायको म्हणाली, तुम्ही दोघं भ्या निवांत, बाळ माझ्याकडे द्या."

"दिलंत?"

"नाही दिलं. धरून उभा राहिलो. ती झोपलेलीच होती. दीड मिनिटानं लिफ्ट चालू झाली." मग म्हणाले, "अकराव्या मजल्यावरून बाहेरचं फार लांबवर दिसतं, मॅडम. मी तिकडे पहिल्यांदाच नीट बघितलं."

कंपनीच्या महिन्याच्या बैठकीतही त्यांनी हे सगळं उभं राहून सांगितलं. कुणी हसलं नाही. बैठक संपल्यावर भांडारातले सगळ्यात जुने कर्मचारी जवळ आले आणि हळूच म्हणाले, "त्या बाईंचा नंबर असेल तर दे." ते पुढे आले की नाही, ते मी सांगणार नाही. नियम म्हणजे नियम.

सगळ्यांचंच असं होतं असं समजू नका. काहींना बाई औषधांसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवतात. काहीजण मधेच येणं सोडतात. काहींना वर्षानुवर्षं लागतात. माणसाचं मन म्हणजे काही दाराचा स्विच नव्हे. पण आलेला माणूस बोलायला लागतो तेव्हा मला त्याच्या बोटांतून पहिल्यांदा कळतं. बोटं आधी सैलावतात, शब्द मागून येतात.

आता मी पार चपटी झालेय. आतला कापूस गोळा होऊन एका कोपऱ्यात बसलाय आणि चिंध्या दुसऱ्या. दुकानात नवी उशी बघितली असं बाई परवा फोनवर सांगत होत्या. राखाडी, मऊ, चौकोनी. येऊ दे. तिला एवढंच सांगेन की नखं लागली तर मनावर घेऊ नकोस, ती तुझ्यावर रागावून लागलेली नसतात.

पण आज खुर्चीत अजून मीच आहे. पावणेअकरा झालेत. दारात एक बाई येऊन उभ्या आहेत, दोनदा परत वळून पुन्हा आल्या. आता आत येऊन खुर्चीच्या अगदी कडेवर टेकल्यात, पर्स घट्ट धरून, उठून जायच्या तयारीत. "मला काही विशेष झालेलं नाही," असं त्यांनी बसायच्या आधीच सांगून टाकलंय. आमच्या बाई मान हलवतायत.

बाईसाहेब, जरा मागे सरून बसा. ती पर्स खाली ठेवलीत तरी कुणी नेत नाही. सुरुवात कुठून करावी हे सुचत नसेल तर मधूनच करा, इथे चालतं. आणि हात कुठे ठेवायचे ते कळेना झालं, तर मी आहे.